बहात्तर ठोके

इरपनटोला, व्हाया भामरागड
२४ जून १९८६

आयुष्मती केसरबाई यांस,
धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम.

दोन वर्षांनी पत्र लिहीत आहे, राग मानू नये. येथे सर्व ठीक आहे. उपकेंद्राचा चार महिन्यांचा औषधसाठा आणि आमचे धान्य वेळेत येऊन पोचले. नदीला पाणी चढले, रस्ता बंद झाला. आता दसऱ्यापर्यंत येथे आम्ही दोघी नर्सच. माझ्या वरिष्ठ चंदाताई यांना तुम्ही ओळखताच. त्या माझी सख्ख्या बहिणीप्रमाणे काळजी घेतात. रोज सकाळी माझी वेणीसुद्धा त्याच घालून देतात. बहिणीशी अबोला बरा नाही, आजच लिही, असे त्यांनीच सुचविले.

विहारात भाऊजींविषयी मी जे बोलले त्याची मनाला टोचणी आहे. माझा स्वभाव तापट आहे हे तुम्ही जाणताच. अलीकडे मला झोप नीट लागत नाही आणि काही गोष्टी विसरायला होतात. परंतु चंदाताई सोबत आहेत, त्यामुळे काळजी नसावी.

तुमची,
सुगंधा


९ जुलै १९८६

बाई,

मागचं पत्र माझ्या हातचं, पण त्यातला एक शब्द माझा नाई. चंदा बाजूले बसून सांगत होती अन मी लिहीत होती. मी तुले जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं का? झोप लागत नाई, विसरायला होते, हे तिनंच घालायले लावलं. मी म्हटलं, ताई, मी कुठी काय विसरली? तर हसून म्हणे, पाहा, हेही विसरली.

हे पत्र मी कुर्म्याच्या पडवीत बसून लिहून राह्यली. पाळी आली की इथल्या माडिया बाया गावाबाहेरच्या एका झोपडीत राहतात, तिले कुर्मा म्हणतात. आल्या आल्या पहिल्याच वर्षी मी त्याच्यावर मोठं भाषण ठोकलं होतं, की हा अंधार आहे, बायांनो बाहेर निघा. आता मीच इथी येऊन लपली. बाया आंबील देतात, काही विचारत नाईत. चंदा इथी येत नाई, तिले वास येते. दहा गावांत तिचा पाय लागत नाई अशी एवढीच जागा आहे.

डाकेची थैली आमच्याच ओसरीत उतरते अन तीच सोडते. म्हणून हे पोचूजवळ देते. पोचू डोंगा चालवते, पाणी उतरलं की पलीकडं जाऊन भामरागडच्या पेटीत टाकून देईल. मोठा भला माणूस. त्याच्या बायकोचे, जैनीचे, दिवस भरत आले. पहिलीच खेप आहे, घाबरते बिचारी. रोज विचारते, बाई, तू येशील ना? मी म्हटलं, येईन ना वो, नाई काऊन येणार?

आता जे सांगायचं ते सांगते. 

चौऱ्याऐंशीच्या धम्मचक्र दिनाले मी चंदाले आपल्या घरी सिंदेवाहीले आणलं होतं. चार दिवस राह्यली. तुह्यासंग धान निवडलं, भाऊजी विहारात ग्रंथ वाचत तवा पहिल्या रांगेत बसली. परतीच्या बसमधी ती रडाले लागली. खूप विचारलं तवा म्हणे, तुह्या भाऊजीले मी मागच्या खोलीत पाहिलं. लाल फडक्यात दगड, त्याले कुंकू, पुढं नारळ. लेकरू होत नाई म्हणून देवीले नवस बोलत होते. मले पाहून पाया पडले, कोणाले सांगू नका म्हणे.

अन मी मूर्ख, पुढच्या रविवारी एकटी आली अन भर विहारात उभी झाली. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस घरात दगड पुजते, त्यानं आम्हाले ग्रंथ काऊन वाचून दाखवावा, असं विचारलं. भाऊजीनं वाचणं थांबवलं. ग्रंथ मिटला, कपड्यात बांधला अन खाली उतरले. तुह्या तोंडाकडं मी पाहिलंच नाई. लेकरू नसल्याचं दुःख तुहं, अन ते मी चव्हाट्यावर मांडलं.

तो दगड नव्हता, बाई. नारळ नव्हता. काहीच नव्हतं.

मागच्या आठवड्यात पाऊस थांबता थांबेना, तवा तिनंच सांगतलं. तांदूळ निवडत होती. सहज म्हणावं तसं म्हणे, "तुह्या भाऊजीचं ते मीच बनवलं होतं." मी विचारलं, काऊन? तिनं खरंच थोडा विचार केला. मग म्हणे, "तुमच्या घरी सारे एकमेकांसंग एवढे गोड. मले कंटाळा आला होता. पाहाचं होतं, तू काय करतं ते."

अन पुन्हा तांदूळ निवडाले लागली. मले सांगतलं कारण रस्ता बंद आहे. मी सांगून सांगून कोणाले सांगणार?

तुले सांगून राह्यली. भाऊजीच्या पायावर डोकं ठेवायले येईन, पाणी उतरू दे.

सुगंधा


२८ जुलै १९८६

बाई,

जैनी गेली.

एकोणीस तारखेले मी वरच्या टोल्यावर, डोंगरातल्या वस्तीवर होती. तिथी हगवण लागली होती, सहा जणांना सलाईन लावत दोन दिवस तिकडंच अडकली. मधल्या नाल्यानं वाट धरू दिली नाई. दुपारी पोचू उपकेंद्रावर आला. जैनीले लेकरू झालं होतं पण वार पडत नव्हती अन रक्त थांबत नव्हतं. चंदा घरीच होती, धडधाकट. पोचूचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. सुई तिच्याजवळ होती, हात तिच्याजवळ होते. हे काम तिले माझ्यापेक्षा चांगलं येते, ते खोटं नाई बोलणार.

मागून बायांकडून कळलं, चंदा आत गेली, थोडा वेळ थांबली, बाहेर आली अन त्याले म्हणे, सुगंधाबाई आत झोपली आहे, येत नाई म्हणते.

मी तिथी नव्हतीच! पोचूले मराठी जेमतेम येते. तो दाराशी बसून राह्यला. मग उठून गेला. दिवस मावळायच्या आत सारं आटोपलं. लेकरू वाचलं, मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी मी आली, तर गावातल्या बाया मले पाहून तोंड फिरवतात. पोचूच्या अंगणात चंदा बसली होती अन असं रडत होती की जैनीची सासू स्वतःचं रडणं सोडून तिले पाणी पाजत होती. मले वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. चल, माणूस आहे शेवटी.

घरी आलो. तिनं डोळे पुसले अन ते रडणं तिथंच संपलं, मागं काही उरलं नाई. भात मागितला, दोनदा घेतला. म्हणे, आज मिठाचा अंदाज चुकला तुहा. मी तिच्याकडं पाहत राह्यली तर हात पुढं केला. "पाह्य नाडी. पाहाचीच आहे ना तुले?" मी घड्याळ लावून मोजली. बहात्तर. माझी स्वतःची एकशे दहाच्या वर धावत होती.

जेवण झाल्यावर हातातला आरसा घेऊन बसली. मले विचारते, जैनीच्या सासूचं तोंड कसं झालं होतं गं, खालचा ओठ असा का? अन तसा करून पाहाले लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जमला. हुबेहूब.

बाई, आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात वेडाचं एक प्रकरण होतं. मी ते आठवून आठवून पाहिलं. बडबडणारे, कपडे फाडणारे, कानात आवाज ऐकणारे, सारे होते. ही त्यात कुठी बसत नाई. वेड्या माणसाले त्रास तरी होते. हिले काहीच होत नाई. रडणं, दया, माया, लाज, हे सारं तिनं दुसऱ्याच्या तोंडावर पाहून पाहून पाठ केलेलं आहे.

पोचूले मी खरं सांगाले गेली. तो डोंगा बांधत होता. त्यानं वर पाहिलं नाई. त्याच्याजवळ पत्र देण्याची हिंमत झाली नाई, कुर्म्यातली एक म्हातारी बाजाराले चालली, तिच्या लुगड्याच्या गाठीत बांधून देते.

उत्तर लिही वो. शिव्या लिही, पण लिही.

सुगंधा


२० ऑगस्ट १९८६

बाई,

तुहं उत्तर आलं. माझ्या नावानं नाई, तिच्या नावानं. तिनंच वाचून दाखवलं, मग हातात दिलं. तुहं अक्षर मी डोळे मिटून ओळखीन.

म्हणजे ती तुले जूनपासून लिहून राह्यली होती. अन काय लिहिलं तर, दगड नारळ काही मी बोललीच नव्हती, ते सारं सुगंधानं मनानं रचलं, तिच्या डोक्याचा ताळ नाई, मी आजवर तिले झाकून घेतलं, तुमचे यजमान श्रीहरीभाऊ देवमाणूस आहेत. भाऊजी निर्दोष आहेत हे दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुले कागदावर लिहून दिलं. मी तुह्या जागी असती तर मीही त्या कागदाले छातीशी धरलं असतं. तुह्यावर राग नाई. खोटं कशाले बोलू, आहे. पण समजते.

तू तिले लिहिलं, 'सुगंधाची दोन पत्रं आली, त्यात तुमच्याविषयी नाई नाई ते आहे, वाचून वाईट वाटलं. ती लहानपणापासूनच अशी. तिले सांभाळून घ्या. तुमची बदली सिंदेवाहीले झाली तर आमच्याकडंच उतरा.'

माझी पत्रं तू तिले सांगतली, बाई. मी कुर्म्यात लपून लिहिते हे तिले आता ठाऊक आहे. मले वाटलं चिडेल. चिडली नाई. माझ्या डोक्याले तेल चोळत म्हणे, छान लिहितं तू, बारीक बारीक पाहतं.

आपण वाईट माणूस म्हटलं की दारू पिऊन काठी उगारणारा बाप्या डोळ्यापुढं आणतो. त्याच्यापासून पळावं हे पोरीबाळींनाही कळते. हिच्यापासून काऊन पळावं, हे मी कोणाले काय म्हणून सांगू? ती मारत नाई. शिवी देत नाई. जेवू घालते, वेणी घालते, ताप आला तर उशाशी बसते. गावभराच्या बाया तिच्याजवळ आपलं दुःख सांगतात, अन ती ते नीट ठेवून देते, पुढं कवा कामी येईल म्हणून. मग दोन माणसांच्या मधात जाऊन बसते. तिच्या हातून जे होते ते सारं कोणाच्या तरी काळजीपोटीच झालेलं दिसते. बाई माणूस आहे म्हणून तिच्याकडं कोणी त्या नजरेनं पाहतच नाई. मी तीन वर्षं पाहिलं नाई, तर तू चार दिवसांत काय पाहशील.

आता माझ्या गळ्यातला फास सांगते. आम्ही नर्सांनी रोजची दैनंदिनी लिहायची असते, आज कुठं गेली, कोणाले तपासलं. पावसाळ्यात कोण कुठी अडकेल ठिकाण नाई अन महिन्याचा अहवाल तर वेळेवर जायले पायजे. म्हणून आम्ही जूनमधीच चार महिन्यांच्या कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवतो. मजकूर मागून जी हजर असेल ती भरते. साऱ्याच करतात, कोणाले त्यात वावगं वाटत नाई. चंदाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून माझी पानंही तीच भरते.

काल तिनं मले एकोणीस जुलैचं पान दाखवलं. 'पोचू बोलावण्यास आला. प्रकृती ठीक नसल्याने गेले नाही.' खाली माझी सही.

जैनीच्या मरणाची चौकशी दसऱ्यानंतर आहे. मले हे कुणाचं तरी मरण माझ्या नावावर घेऊन जगायचं आहे. नोकरी जाईल ते निराळं. जैनीले मी 'येईन' म्हटलं होतं ना.

सुगंधा


१२ सप्टेंबर १९८६

आयुष्मती केसरबाई यांस सविनय जयभीम.

जुलै आणि ऑगस्टमध्ये मी तुम्हाला पाठविलेल्या पत्रांतील चंदाताईंविषयीचा सर्व मजकूर खोटा आहे. तो मी मत्सरापोटी लिहिला. भाऊजींवरचा आरोपदेखील मी स्वतःच रचला होता, चंदाताईंचा त्यात काही संबंध नाही. त्यांची सिंदेवाहीला बदली झाली आहे. त्यांना घरात जागा द्यावी, ही विनंती.

तुमची अपराधी,
सुगंधा


१६ ऑक्टोबर १९८६

बाई,

मागचं पत्र मीच लिहिलं. कोणी हात धरला नव्हता.

तिनं सौदा सांगतला होता. मी तुले असं असं लिहून द्यायचं, ती मले एकोणीस जुलैचं पान फाडून देणार. मी तीन दिवस नाई म्हटलं. चौथ्या दिवशी मले वाटलं, जाऊ दे तिले सिंदेवाहीले. बाईजवळ नवरा आहे, शेजार आहे, विहार आहे, तिचं ती पाहून घेईल, मले इथून सुटू दे. असं वाटलं, बाई. मी तुले देऊन टाकलं. हे लिहिल्याशिवाय मले पुढचं लिहिता येणार नाई.

पान तिनं खरंच दिलं. मी चुलीत घातलं. ती बाजूले उभी राहून पाहत होती, तिले मजा वाटत होती. काऊन ते परवा कळलं. त्या पानाची नक्कल तिनं जुलैच्याच अहवालासंग वर पाठवून दिली होती.

परवा चौकशीले साहेब आले. मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की पानं कोरी असतानाच मी सह्या केल्या होत्या, मी त्या दिवशी वरच्या टोल्यावर होती. साहेबांनी विचारलं, साक्ष? वरच्या टोल्यावरची दोन माणसं वारली, बाकीची कामाले लांब निघून गेली. साहेब माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होते, तापाच्या माणसासंग बोलतात तसे. चंदा जायच्या आधीच त्यांच्या कानावर घालून गेली होती, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाई म्हणून.

पोचू आपणहून आला. कोणी बोलावलं नव्हतं. लेकरू पाठीशी बांधलेलं होतं. तो म्हणाला, मी त्या दिवशी ह्या बाईले पाहिलंच नाई, उंच बाईच बोलली, म्हणजे चंदा. मले वाटलं, सुटली. साहेबांनी विचारलं, म्हणजे ही खोलीच्या बाहेर आली नाही? पोचू म्हणे, नाई आली. साहेबांनी तेच लिहून घेतलं. साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार सुगंधा खोलीच्या बाहेर आली नाही. मी ओरडली, तर त्यांनी ते पण लिहून घेतलं.

मले निलंबित केलं. अन त्या कागदावर खाली एक ओळ आहे, तुह्यासाठी ती लिहून देते. निलंबनाच्या काळात परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येणार नाही. मुख्यालय म्हणजे इरपनटोला. नदी उतरली, रस्ता खुला झाला, बस सुरू झाली, अन मी इथीच.

ती बारा तारखेले गेली. गावातल्या बाया नदीपर्यंत पोचवायले गेल्या, रडल्या. निघताना तिनं माझी वेणी घातली. मी घालू दिली, काऊन ते मले विचारू नको. म्हणे, "तुह्या बहिणीले सांगीन, तू बरी आहे म्हणून."

हे पत्र पोचूजवळ देऊन राह्यली. चौकशी आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला होता. एवढंच विचारलं, "तू घरी असती तं आली असती?" मी म्हटलं, पळत आली असती. त्यानं हात पुढं केला, पत्र दे म्हणून. तो ते भामरागडच्या पेटीत टाकणार नाई. आष्टीपर्यंत स्वतः जाऊन सिंदेवाहीच्या बसवाल्याजवळ देतो म्हणे. तरी ती तुह्याकडं माझ्या पत्राच्या आधीच पोचलेली असेल.

तर आता ती तुह्या घरात आहे. तुले आवडली असेल. तुहं अर्धं काम तुह्या आधी उठून करत असेल. तू लेकराचं दुःख तिच्याजवळ बोलली असशील, नाई बोलली तर बोलशील. भाऊजीले तिनं आग्रह करून पुन्हा विहारात ग्रंथ वाचाले बसवलं असेल, अन पहिल्या रांगेत बसली असेल. तुमच्या घरी पुन्हा सारे एकमेकांसंग गोड झाले असतील. तेच मले भेव आहे. कारण मग तिले कंटाळा येईल.

मी खोटारडी आहे असं माझ्याच अक्षरात तुह्याजवळ लिहिलेलं पडलं आहे. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणाले मले तोंड नाई. ठेवू नको. वाटलं तर हे पत्रही तिले दाखव, ती छान वाचून दाखवेल.

पण बाई, एक दिवस ती तुह्याजवळ रडत येईल. आधी सांगणार नाई, तुले खूप विचारावं लागेल. मग भाऊजीबद्दल काहीतरी सांगेल, काय ते मले माहीत नाई, तिलेही आज माहीत नसेल. तेवढ्या वेळेपुरतं तुह्या मनात मले आणू नको, तिले आणू नको. चौऱ्याऐंशीले साऱ्या विहारात तू एकटी होती जी भाऊजीच्या बाजूनं उठून त्यांच्यासंग चालत घरी गेली. कोणाले काही न विचारता. मी तुही पाठ पाहिली होती.

तशीच ऊठ अन त्यांच्यासंग चाल.

सुगंधा